देवीच्या तीन पायऱ्या

करी रोडच्या चाळीत अर्ध्या बिऱ्हाडांचे डोळे आले होते आणि सगळे पटांगणात शिवा महाराजांपुढे रांगेत उभे होते. महाराज एकाच चांदीच्या काडीने सगळ्यांना अंजन घालत आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवत. "देवीआई आधी डोळ्यात बसणार, मग घशात, मग पोटात. तीन पायऱ्या उतरली की निघाली." बऱ्याच जणांचं तसंच होत होतं. डोळे, घसा, पोट, की माणूस बरा. इतका बिनचूक देव कोणाला नको असतो?

वैशालीनेही नवऱ्याला रांगेत उभं केलं. वर्षापूर्वी तिने निलेशला आपली एक किडनी दिली होती. त्याचे डोळे चांगले होते. महाराज म्हणाले, आगाऊ अंजन घातलेलं बरं.

निलेशच्याही तिन्ही पायऱ्या झाल्या. मग लघवीतून रक्त जायला लागलं.

"चौथी पायरी," महाराज म्हणाले. "नशीबवानालाच मिळते."

हॉस्पिटलात डॉक्टर रुचा यांनी तपासण्या करून सांगितलं, "हा ॲडिनोव्हायरस. डोळा, घसा, आतडं, कुठल्याही पेशीत शिरतो. तिच्याकडूनच आपल्या नकला बनवून घेतो. पेशी फुटते, नकला पुढच्या पेशीत घुसतात."

"मग बाकीचे बरे कसे झाले?"

"आपोआप. शरीर त्याला आवरतं. पण शरीराने तुमची किडनी झिडकारू नये म्हणून निलेशची प्रतिकारशक्ती आपणच गोळ्यांनी दाबून ठेवलीय. व्हायरस किडनीत शिरला. ती वाचेल असं वाटत नाही."

"मग चाळीत अंजन घालणाऱ्या महाराजांना डोळे, घसा, पोट हे आधीच कसं कळलं?"

"नायगावचे पेशंट सांगत होते, गेल्या महिन्यात ते तिकडेही एकाच काडीने अंजन घालत होते. तिथेही हीच साथ होती. पाहिलेलंच सांगतायत, आणि काडीने एकाचा व्हायरस दुसऱ्याच्या डोळ्यात नेतायत."

वैशालीला रडू आलं नाही. काहीच वाटेना, त्याचीच तिला भीती वाटली.

ती थेट पटांगणात आली. रांगेतल्या कमळाबाईंच्या लाल डोळ्यातून काडी नुकतीच बाहेर निघाली होती. वैशालीने ती महाराजांच्या हातातून घेतली आणि त्यांच्याच डोळ्यासमोर धरली.

"आता हीच स्वतःच्या डोळ्यात घाला."

महाराजांनी झटकन तोंड मागे घेतलं. "मला कशाला?"

"का हो, आईला घाबरता?" कमळाबाईंनी डोळा पुसत विचारलं. महाराज अंजनाची डबी उचलून मागे सरकले. रांग मोडली.

"हात साबणाने धुवा. टॉवेल वेगळे ठेवा," वैशाली सपाट आवाजात म्हणाली. "आणि कोणी चमत्कार सांगितला, तर तो कसा होतो ते आधी विचारा. मी विचारलं नाही. निलेश उद्यापासून डायलिसिसवर आहे आणि त्याला द्यायला माझ्याकडे दुसरी किडनी नाही."