सुचिताच्या हातची कणीक

त्या दिवशी मंगरूळपीरच्या आमच्या भाजीवाल्यांच्या वस्तीत कोथिंबीर वाफ्यातच राहिली. सगळ्या बाया डोक्यावर परात घेऊन मांडवाकडे धावल्या होत्या. परातीत कणीक, कणकीत महाराजांनी वाटलेला अंगारा आणि वर भगवं फडकं. मांडवात अन्नसिद्ध महाराज भजन लावत आणि भजन संपेस्तोवर कणीक दुप्पट फुगलेली असे. फडकं उचललं की बाया हात जोडत, काही तर रडतसुद्धा.

“कणीक फुगली, म्हणजे सून शुद्ध!” महाराज माईकवर गरजत. “घरात पाळणा हलणार! नाही फुगली, तर तिच्या हातात बाधा!”

देवाला एवढं मोठं विश्व सांभाळायचंय आणि हा बाबा त्याला आमच्या परातीत बसवून सुना तपासायला लावत होता.

फुगली नाही ती फक्त सुचिताची कणीक. सुचिता माझ्या शेजारणीची, सीताबाईंची सून. लग्नाला काही वर्षं झालेली, मूल नाही. महाराजांनी परातीत डोकावून नाक मुरडलं.

“बाधा! हिला आजच माहेरी धाडा. ही घरात असेस्तोवर वंश चालायचा नाही.”

सीताबाईंनी लगेच मुलाला सुनेची पिशवी भरायला पिटाळलं. दिनेश गेलाही. बायकोकडे एकदाही वळून पाहिलं नाही, असा गुणी मुलगा! सुचिता खाली मान घालून रडत होती आणि माझं डोकं तडकलं.

आता माझं सांगते. मी उज्ज्वला. गेल्या हिवाळ्यापासून मोबाइलवर बघून घरी पाव करायला शिकतेय. माझा पहिला पाव आमच्या कुत्र्यानं हुंगला आणि तो तिथून उठून गेला. पण त्या सगळ्या खटाटोपात एक आंबूस वास नाकात पक्का बसला होता. तोच वास या परातींमधून येत होता.

“सुचिता, कणीक कोणत्या पाण्यात भिजवली व?”

“आधणाच्या,” ती हुंदका गिळत म्हणाली. “आमच्या इंझोरीले भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यातच मळतात. मले तेच ठाऊक.”

हात तिच्या! पहिल्या पावाला मीही हेच केलं होतं. भाकरीवर वाढलेली माणसं आम्ही, पीठ म्हटलं की आधण ठेवतो.

मी उठून थेट महाराजांपुढे रिकामी परात ठेवली. पीठ घातलं, अंगारा त्यांचाच घातला आणि मांडवातल्या चहाच्या चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं.

“महाराज, तुमचे हात तर सिद्ध हायेत. एक गोळा तुमीच मळा.”

“आज माझं व्रत आहे,” महाराज घाम पुसत म्हणाले. “पिठाला शिवत नाही.”

मी काही बोलणार तोच सीताबाई हात जोडून पुढे झाल्या. “नाही म्हनू नका महाराज! तुमच्या हातचा परसाद घरी नेतो!” मग बाकीच्या बायांनीही गलका केला. भक्तांनीच धरल्यावर बिचारा जातो कुठे? हाय-हुय करत, बोटं फुंकत त्यानं गोळा मळला. इकडे सुचिताला मी तेच पीठ आणि तोच अंगारा दिला, पाणी मात्र कोमट.

भजन सुरू झालं. महाराजांनी या वेळी ते भरपूर लांबवून पाहिलं. शेवटी फडकी उचलली. सुचिताची कणीक परातीच्या काठापर्यंत आलेली, महाराजांची होती तिथेच.

“अगं माय!” चंदाबाई ओरडली. “बाधा तर महाराजाच्याच हातात हाय!”

मांडवभर हशा पिकला. मी एका पेल्यात कोमट साखरपाणी घेऊन त्यात अंगारा टाकला. थोड्या वेळानं राख तळाशी बसली आणि वर फेस आला.

“हे यीस्ट हाय. लखमीचंदच्या दुकानात पुडी भेटते, मीबी तिथूनच आणतो. जिवंत असते ते. कोमट पाण्यात जागं होते, पीठ खाते, हवा सोडते, तिनं कणीक फुगते. उकळत्या पाण्यात मरते. त्याले सून कोण अन् महाराज कोण, काय समजते? बायांनो, हात जोडायच्या आधी एवढं विचारत जा, यात घातलं काय?”

महाराजांना एकाएकी समाधीची वेळ आठवली. गाडी निघाली तेव्हा गळ्यातला माईक चालूच होता आणि ड्रायव्हरला दिलेली शिवी सगळ्यांनी ऐकली.

तेवढ्यात दिनेश पिशवी घेऊन आला. सीताबाई ओशाळून म्हणाल्या, “चाल बाई घरी. झालं गेलं सोडून दे.”

“येतो,” सुचिता डोळे पुसत म्हणाली. “पण उद्या दवाखान्यात जायचं. मूल काहून होत नाही ते डॉक्टरले विचारू. तपासणी दोघांचीबी.”

“माही कायले?” दिनेश दचकला.

सुचितानं त्याच्या हातातून पिशवी घेतली. “कायले म्हंजे? आजपर्यंत तुमाले कोणी कणीकबी मळायले नाही लावली.”