जोव्हियल आजोबा

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे एरंडेल म्हणत, अर्थात पाठीमागे. चेहराच तसा, त्याला कोण काय करणार? आणि नेमका त्याच माणसाच्या टेबलावर शब्द आला तो 'जोव्हियल'. आता ह्याला योगायोग म्हणा, नाहीतर मुख्य संपादकांचा खवचटपणा म्हणा.

एरंडेलांनी शब्द मुळापासून खणला. जोव्ह म्हणजे रोमन लोकांचा देवांचा राजा, ज्युपिटर; आकाशात तोच आपला गुरू. त्या ग्रहाच्या प्रभावाखाली जन्मलेला माणूस आनंदी, असं जुने लोक मानत, म्हणून जोव्हियल. अर्थ लिहिला: 'खळखळून हसणारा, गप्पिष्ट, दिलखुलास.' लिहिता लिहिता डोळ्यांपुढे उभे राहिले ते त्यांचे व्याही, जावयाचे वडील. तंतोतंत. हा गृहस्थ आत यायच्या आधी त्याचं हसू घरात यायचं. नात दर सुट्टीत त्यांच्याकडेच राहायची, आणि एरंडेलांना ते किती लागायचं हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

यंदा मात्र आक्रीत घडलं. नात आपणहून म्हणाली, सुट्टीत ह्या आजोबांकडे राहते. एरंडेल हरखले आणि घाबरलेही. पोरगी कंटाळून परत गेली, तर पुन्हा कशाला येतेय? मग त्यांनी ठरवलं, आपण जोव्हियल व्हायचं. शब्दकोशवाल्यांना एक खोड असते बघा: व्याख्या हाती आली की वस्तूही हाती आली असं त्यांना वाटतं.

नात दारात उभी, आणि हे व्याख्येच्या क्रमाने सुरू झाले. आधी खळखळून हसणं. शेजारीण दार उघडून बघून गेली. मग गप्पा: जेवताना विनोद सांगितला, आणि तो विनोदी का आहे हेही सांगितलं. मग दिलखुलासपणा. पाठीवर अशी थाप मारली की पोरीला ठसकाच लागला. "अहो, पुरे आता," बायको म्हणाली. "शोभत नाही तुम्हाला." पण ऐकतील तर ते एरंडेल कसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात पिशवी भरून, बूट घालून पलंगावर बसलेली. "आईला फोन करा. मला घरी जायचंय."

आजोबा दारातच थबकले. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच राहिलं, काढायचं सुचलंच नाही. "का गं? त्या आजोबांकडे येते तशी मजा नाही येत इथे?"

"येते की. अगदी तश्शीच." नात जमिनीकडे बघत म्हणाली. "तिकडे सारखं हसायला लागतं. नाही हसलं की विचारतात, काय झालं, रुसलीस का. मला काही झालेलं नसतं. माझं तोंडच असं आहे. आई म्हणते, तुमच्यावर गेलंय. म्हणून मी इकडे आले, तर आता तुम्हीपण."

एरंडेल मटकन तिच्याशेजारी बसले. लाज वाटली. हसू आपोआप ओघळून गेलं आणि दुखऱ्या गालांना केवढं बरं वाटलं. नातीने मान वळवून त्यांचं तोंड नीट न्याहाळलं, पुन्हा हसतात की काय म्हणून जरा थांबली. मग खाली वाकून तिने बुटांचे बंद सोडायला घेतले.