लाल बटणाची घंटी

मित्रांनो, माझ्या पाठीचं झाकण कधीच हरवलं. सेल खाली पडू नये म्हणून माझ्या पोटाभोवती लोकरीचा दोरा गुंडाळलाय. अशा अवतारात तुम्ही मला टीव्हीचा जुना रिमोट समजाल. तसं समजू नका, मला राग येतो. मी घराचा रिमोट आहे. आमच्या घरात टीव्ही आला तो माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. माझा स्वभाव काळजीचा आहे. सेल संपला तर? हातातून निसटलो तर? बटण दाबलं की माझं काम तिथंच संपतं, मग पलीकडं काय झालं याची नुसती वाट बघत पडायचं. अशा जिवानं काळजी करायची नाही तर काय करायचं, तुम्हीच सांगा!

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. त्या काळात शहराच्या चहूबाजूंनी कारखाने उभे राहत होते आणि ज्याला त्याला काहीतरी नवं काढायची हौस होती. लोक बसल्या जागेवरून दिवा लावतील, पंखा फिरवतील, असं आमच्या मालकाला वाटलं. लोकांनी आम्हाला हातसुद्धा लावला नाही. ‘उठून बटण दाबायला पाय मोडलेत का?’ असं म्हणून गिऱ्हाईक हसायचं आणि पुढं जायचं. शेवटी शेड बंद पडायला आली, तेव्हा तिथल्या बन्सी नावाच्या फिटरनं मला मागून घेतलं. त्याच्या आईचा खुबा खरोखरच मोडला होता.

तिचं नाव सारजाबाई. सगळी हयात सोयगावकडच्या रानात मेंढरांमागं गेलेली, पायाला भिंगरी असलेली बाई. मुलाला कारखान्यात नोकरी लागली म्हणून पडेगावला आली, न्हाणीत पाय घसरला आणि खाटेला खिळली. बन्सी कामावर, सून आवडाबाई पाण्याच्या मागं. म्हातारी एकटी पडायची. बन्सीला त्याचीच धास्ती होती.

एका रविवारी त्यानं दाराच्या वर एक पेटी ठोकली. माझा उजेड तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्या पेटीला दिसतो. पेटीतून एक वायर दिव्याला गेली, एक पंख्याला. तिसरी वायर त्यानं भिंतीवरून पलीकडं, शेजारच्या कडूबाईच्या घरात नेली आणि तिथं घंटी बसवली. माझं पिवळं बटण दिव्याचं, निळं पंख्याचं आणि लाल बटण त्या घंटीचं. बन्सीनं लाल बटण दाबून बघितलं. भिंतीपलीकडून कडूबाई ओरडली, “वाजली रं, बन्सीभाऊ! लई मोठ्यानं वाजती!”

सारजाबाईला शिकवताना बन्सीच्या नाकी नऊ आले. पंखा पाहिजे असला की ती मला पंख्यासमोर धरायची, दिवा पाहिजे असला की दिव्यासमोर.

“माय, त्यांच्याकडं नको बघू. पेटीकडं धर,” बन्सी सांगायचा. “अन् हा पुढचा काचेचा मणी हाय ना, तो याचा डोळा. तो झाकला की हा आंधळा.”

“व्हय व्हय, कळलं,” म्हणायची आणि पुन्हा मला पंख्यासमोर धरायची. हळूहळू जमलं. अंधार पडला की ती स्वतःच दिवा लावायची आणि सुनेकडं अशा तोऱ्यात बघायची की मला हसू यायचं.

लाल बटणाला मात्र तिनं कधी बोट लावलं नाही.

कारण तुम्हाला सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. कडूबाई बौद्ध समाजातली. ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून कितीतरी वर्षं माणसं माणसांवर उठली होती. दंगलीत कडूबाईचं माहेरचं घर जळालं होतं. आता पुन्हा वातावरण तापलं होतं, रस्त्यावर पोलिसांचा बंदोबस्त होता. बन्सीचा चुलता कारभारी सिल्लोडहून आला, त्यानं वायर बघितली आणि तो भडकला.

“घंटी लावायला दुसरं घर नाय भेटलं का रं? भावकीत काय तोंड दाखवू मी?”

“काका, माय पडली तवा भावकी सिल्लोडात व्हती,” बन्सी म्हणाला. “कडूअक्का भिंतीपल्याड व्हती. तिनंच उचललं मायला.”

काका गेल्यावर सारजाबाई एवढंच म्हणाली, “घंटी राहू दे. पण मी काय दाबायची नाय.” तहान लागली तरी ती सुनेची वाट बघत पडून राहायची. ते बघून माझा जीव नुसता टांगणीला लागायचा.

मग ती संक्रांत आली. सकाळीच बातमी फुटली, नामांतर झालं! आमच्या गल्लीत ढोल वाजायला लागले, फटाके उडाले, निळे झेंडे निघाले. शहरात विद्यापीठाच्या गेटवर जायला टेम्पो येऊन उभा राहिला. बन्सी पहिल्या पाळीला गेला होता. आवडाबाई सुगडांना हळदकुंकू लावत होती.

“आवडे, यालाबी लाव गं,” सारजाबाईनं मला पुढं केलं. “रोज मला उजेड दाखवतो. चांगलं कपाळावर लाव.”

आवडाबाईनं ओलं कुंकू माझ्या कपाळावर, म्हणजे नेमकं डोळ्यावर, चांगलं दाबून लावलं. जन्मात कुणी माझी पूजा केली नव्हती. मी फुलून गेलो आणि त्याच क्षणी आंधळा झालो. थंडीचा दिवस, पंखा नको, दिवा नको. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी कुणाला सांगणार?

तेवढ्यात सार्वजनिक नळाला पाणी आल्याची हाक आली. आवडाबाईनं स्टोव्ह बारीक केला, कढईतले तीळ तसेच ठेवले आणि हंडे घेऊन पळाली. घरातल्या दोरीवर गोधडी वाळत होती. ती वाऱ्यानं सरकत सरकत आली आणि स्टोव्हवर पडली.

आधी धूर, मग जाळ. सारजाबाईनं आरोळी ठोकली. रानात डोंगराच्या पल्याड पोचायची अशी तिची आरोळी, पण बाहेर ढोल एवढे घुमत होते की ती उंबऱ्याबाहेरही गेली नाही. खोकत खोकत तिनं मला उचललं. तिचं बोट लाल बटणावर थांबलं. मग तिनं ते दाबलं.

घंटी वाजलीच नाही.

पुन्हा दाबलं. मी आतून जीव खाऊन उजेड टाकत होतो आणि तो सगळा कुंकवावर आपटत होता. ‘बाई, पूस! पूस ना!’ मी आतल्या आत ओरडत होतो. जाळ खाटेकडं सरकत होता. सारजाबाईनं मला डोळ्यांजवळ धरलं, कुंकू बघितलं आणि बन्सीचं सांगणं तिला आठवलं असावं. कुंकू पुसायचं कसं? नवरा गेला त्या दिवशी बायकांनी तिचं कपाळ पुसलं होतं, त्याची आठवण तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली.

“माझं पुसलं तवा मला कुणी इचारलं नव्हतं,” ती रडत म्हणाली. “तुझं मी पुसते, लेकरा. माफ कर मला.”

तिनं पदरानं माझा डोळा खसाखसा पुसला. मला पेटीसमोर धरलं आणि दाबलं. भिंतीपलीकडं घंटी खणखणली.

पण तिकडं कुणी होतं का? सगळे टेम्पोकडं गेले असतील तर? ती दाबत राहिली, दाबतच राहिली.

मग दार धाडकन उघडलं. पांढरी शुभ्र साडी नेसलेली कडूबाई आत घुसली. घराला कुलूप लावता लावता तिनं घंटी ऐकली होती. तिनं जळती गोधडी हातानं ओढून अंगणात फेकली, स्टोव्ह विझवला आणि सारजाबाईला काखेत धरून बाहेर ओसरीवर आणलं. साडी पार काळी पडली होती, हात भाजला होता.

सारजाबाईचा घसा धुरानं बंद झाला होता. कडूबाईनं माठातून पाणी घेतलं आणि तांब्या हातात धरून ती तशीच थांबली. “आवडाबाईला बोलावते, मावशी. ती देईल पाणी.”

“तूच दे,” सारजाबाई म्हणाली.

ती घटाघटा प्यायली. तेवढ्यात कोपऱ्यावरून टेम्पो गेला, घोषणा लांब लांब गेल्या.

“तुझी गाडी गेली गं, कडू.”

“जाऊ द्या, मावशी,” कडूबाई भाजलेल्या हातावर फुंकर घालत म्हणाली. “लई वर्सं वाट बघितली त्या नावाची. आता ते कुठं जात नाय. उद्या जाऊन बघीन.”

दुसऱ्या दिवशी ती गेटवर जाऊन आली. आणि त्या दिवसापासून सारजाबाईला लाल बटणाचं वेडच लागलं. चहा झाला की घंटी, करमलं नाही की घंटी. दाबून दाबून त्या बटणाचा लाल रंग उडाला. कडूबाई दारातूनच ओरडायची, “आले गं बाई, आले!” आता त्या दोघी नाहीत. मी खिडकीत धूळ खात पडलोय.

मित्रांनो, आमच्यासारख्यांचे सेल वेळेवर बदला, आमचा डोळा स्वच्छ ठेवा, लाडानंही तो झाकू नका. पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुमच्या घरातही एखादं लाल बटण असेल, अढी धरून कधीच न दाबलेलं. आग लागायची वाट बघू नका. आजच दाबा, आणि पलीकडून कुणी आलं तर आधी चहा विचारा.