सुरेखाची इचलकरंजीची बहीण

केस परत येतील, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते कुरळे येतील, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

सुरेखाचे केस पहिल्यापासून सरळ. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा वेणी कमरेखाली लोंबायची, आणि पुढं पंचवीस-सव्वीस वर्षं ती तशीच राहिली. मग उजव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि पंधरा-वीस दिवसांत उशीवर, चादरीवर, मोरीच्या जाळीवर जिकडं बघावं तिकडं केस. उपचार संपल्यावर दिवाळीच्या सुमारास डोक्यावर कोवळी लव दिसायला लागली. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, तात्यासो मगदुमांनी, जैन बस्तीत जाऊन देवापुढं हात जोडले होते. लव वाढत गेली. श्रावण येईपर्यंत केस मानेला टेकायला हवे होते, पण ते टेकेनात. खाली यायच्या ऐवजी जागच्या जागी वळून बसायचे. बोटानं ओढून सोडलं की टुणकन वर.

"असलं कुणाचं हाय तुमच्यात?" तात्यासोंनी विचारलं.

"कुणाचंच न्हाय," सुरेखा म्हणाली.

तात्यासोंचं उद्यमनगरात मोटारी रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार यायची, ते ती उकलायचे, काळी पडलेली तार काढून नवीन तांब्याची तार भरायचे. तार भरताना एक वेढा चुकला तर कुठं चुकला हे त्यांना कळायचं. या केसांचं मात्र त्यांना काहीच कळेना. आणि ते धुवायचे-विंचरायचे तर त्यांनाच होते, कारण ऑपरेशनपासून सुरेखाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. शेजारच्या बनाबाई म्हणाल्या होत्या, मी येऊन घालत जाईन न्हायला. सुरेखानं नको म्हटलं. दुसऱ्या कुणाचा हात तिला डोक्याला नको होता.

तात्यासो आपल्या परीनं करायचे. शिकेकाईनं खसाखसा धुवायचं, टॉवेलनं खसाखसा पुसायचं, वाळले की तेल थापून बारीक कंगव्यानं विंचरायचं. त्यांच्या आईनं त्यांच्या बहिणींचे केस असेच विंचरलेले त्यांनी बघितले होते. पण विंचरावं तसे हे केस फुलायचे. पाच मिनिटांत डोक्याभोवती नुसतं पिंजलेल्या कापसागत व्हायचं. एकदा कंगवा अडकला आणि असा हिसका बसला, की सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी फडकं बांधतो डोक्याला."

आणि ती फडकं बांधूनच राहायला लागली. घरातसुद्धा.

तात्यासोंनी मनाशी हिशेब मांडला, की तिला जुन्या केसांची आठवण येत असणार. मग हे सरळ करून आणायचे. राजारामपुरीत एक पार्लर होतं. त्याच्या दारावर 'फक्त महिलांसाठी' असं लिहिलेलं, म्हणून ते समोरच्या रसाच्या दुकानापाशी अर्धा तास उभे राहिले. शेवटी आतून एक तरुण बाई बाहेर आली. तिचे केस खांद्यापर्यंत, आणि कुरळेच.

"काका, कुणाला शोधताय?"

"शोधत न्हाय. इथं केस सरळ करून मिळत्यात न्हवं?"

तिनं त्यांच्या टकलाकडं बघितलं. "कुणाचे?"

ती आदिती चौगुले, पार्लरची मालकीण. तात्यासोंनी सगळं सांगितलं तेव्हा तिनं त्यांना आत बोलावून पडद्याजवळच्या खुर्चीवर बसवलं. आता केमिकल अजिबात लावायचं नाही, म्हणाली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. मग विचारलं, विंचरता कसं? तात्यासोंनी ते सांगितलं, आणि ती ऐकता ऐकता कपाळाला हात लावून बसली.

"काका, कुरळ्या केसांना कोरड्यावर कंगवा लावायचा न्हाय. ओले असताना लावायचा. आधी कंडिशनर चोळायचं आणि तसल्या बुळबुळीत केसांत मोठ्या दातांचा कंगवा फिरवायचा. तोबी खालून. आधी शेंडे सोडवायचे, मग मधलं, मग वर."

"ओले केस विंचरले की तुटत्यात म्हणत्यात."

"सरळ असले की तुटतात. ह्यांचं उलटं हाय."

टॉवेल लावायचा नाही, जुना सुती बनियन घ्यायचा. पुसायचं नाही, मुठीत धरून दाबायचं. रोज धुवायचं नाही. आणि वर जवसाचा चीक लावायचा.

"जवस? चटणीचं?"

"चटणीचंच. पाण्यात शिजवायचं."

तात्यासोंनी खिशातल्या कागदावर सगळं लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तर लिहिलेलं बरोबर होतं, पण पटत एकही ओळ नव्हती. सरळ करायला गेले होते, आणि कुरळे कसे राखायचे ते शिकून आले होते. सुरेखाला काय सांगावं हेही त्यांना समजेना. शेवटी काहीच न सांगता ते रविवारी सकाळी जवस शिजवायला बसले.

पहिल्या वेळचा चीक गार होईपर्यंत ठेवला, तो जवसासकट गोठला. गाळता येईना. दुसऱ्या वेळी गरम असतानाच फडक्यातून पिळला, बोटं भाजली, पण वाटीभर चीक निघाला. सुरेखा मोरीत स्टुलावर बसली.  तात्यासोंनी कंडिशनर चोळलं, शेंड्यापासून कंगवा घातला. तो अडकला नाही. त्यांनी खाली वाकून बघितलं, की खरंच केसांतून चाललाय का वरून. मग चीक लावला, बनियनमध्ये धरून दाबलं, आणि तिला गच्चीवर उन्हात बसवलं.

तासाभरानं केस वाळले. एकेक बट वेगळी, गोल वळलेली, चकचकीत. तात्यासोंनी आरसा आणून दिला. सुरेखा बघत बसली. बराच वेळ. तिला बरं वाटतंय का वाईट, हे त्यांना ओळखता येईना.

"चला," ती उठत म्हणाली, "मंडईत जाऊन येऊ."

दीड वर्षात ती मंडईत गेली नव्हती. आणि आज डोक्याला फडकं नव्हतं. तात्यासोंनी पिशवी घेतली.

कपिलतीर्थ मंडईत धोंडुबाई बसायच्या. वडणगे गावच्या. सुरेखा त्यांच्याकडूनच भाजी घ्यायची, लग्नानंतर दोन-चार वर्षांनी लागलेला तो रतीब. तात्यासोंनी मात्र त्यांना कधी बघितलं नव्हतं. भाजी ही सुरेखाची बाब.

"या अक्का. गवार घ्या, कवळी हाय," धोंडुबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात गवारीवरच राहिला. "तुमी सुरेखाक्काच्या कोण? तोंडावळा त्यांचाच हाय की."

सुरेखा म्हणाली, "बहीण. इचलकरंजीची."

तात्यासो मागं पिशवी धरून उभे होते. आपण नीट ऐकलं का, हे त्यांना कळेना.

"तरीच. पण केस न्हाईत तसले. तिचे कसं सरळ, ह्या एवढे. तुमचे कुणावर गेले?"

"आत्तीवर."

धोंडुबाईंनी आवाज खाली घेतला. "ती हाय न्हवं?"

"हाय. बरी हाय. औषधं संपली. जेवती, फिरती."

धोंडुबाईंनी गवारीची एक शेंग मोडली, उगीचच. "मला कळल्यालं. दोनदा आलतो तिच्या गल्लीच्या तोंडापतोर. एकदा तर दोडकी घिऊन. पर पाय उचलंना. माझी धाकटी जाऊ ह्याच दुखण्यानं गेली. सुरेखाक्काला बघून मला रडूच आलं असतं, आनि आजारी माणसापुढं रडायचं व्हय? म्हणून माघारी गेलो. लई वंगाळ केलं मी. तिला सांगू नका."

"न्हाय सांगत," सुरेखा म्हणाली. 

"आनि हे?" धोंडुबाईंनी तात्यासोंकडं हनुवटी केली.

"हे दाजी. सुरेखाचं मालक."

धोंडुबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या, नटूनथटून आलेल्या मेव्हणीकडं बघितलं. "बायकू घरात एकटी हाय व्हय मग?"

तात्यासोंनी तोंड उघडलं. बायको घरात नाही, असं म्हणावं तर ती कुठं आहे हे सांगावं लागलं असतं. आहे म्हणावं तर ते खोटं. "व्हय... न्हाय... म्हंजे..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"जावा लवकर घरला," धोंडुबाई म्हणाल्या. गवार त्यांनी तोलून दिली, पण नेहमीसारखी वर कोथिंबीर टाकली नाही. अर्थात तात्यासोंना ते ठाऊक नव्हतं. रिक्षात बसल्यावर सुरेखानं सांगितलं.

"असं का सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाय. तोंडातनं आलं."

"ती बाई माझ्याबद्दल काय समजली असंल?"

सुरेखा हसली. मग हसणं थांबलं. रिक्षा बिंदू चौकातून वळली. "सगळी मला तोंडावर इचारत्यात, कशी हायस म्हणून. बरी हाय म्हणालो की कुणाला पटत न्हाय. डोक्याकडंच बघत्यात. आज मी दुसऱ्या कुणाचं सांगितल्यागत सांगितलं, तर त्या बाईला पटलं."

तात्यासोंना यातलं अर्धं कळलं आणि अर्धं नाही. तिला जुने केस हवे होते का हे नवे, एवढं तरी विचारावं असं त्यांच्या मनात आलं. पण रिक्षावाला ऐकत होता.

चार दिवसांनी दुकानाला सुट्टी होती. सुरेखा मोरीत स्टुलावर बसली होती, तात्यासो तिच्या डोक्याला कंडिशनर चोळत होते. दाराची कडी वाजली. दार नुसतंच लोटलेलं होतं, म्हणून त्यांनी आतूनच "या" म्हटलं. बनाबाई असतील असं त्यांना वाटलं.

आल्या त्या धोंडुबाई. हातात दोडक्यांची पिशवी. पूर्वी एकदा, तात्यासो दुकानात असताना, लोणच्याच्या कैऱ्या घेऊन त्या आल्या होत्या, त्यामुळं घर त्यांना माहीत होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत त्या आल्या, आणि मोरीत काय चाललंय ते त्यांनी बघितलं. तात्यासोंची दोन्ही मनगटं फेसानं भरलेली, आणि समोर पाठमोरी ती इचलकरंजीची.

"सुरेखाक्का कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "मी तिला भेटाय आलोय. बोलवा तिला."

"धोंडुबाई, अवो..." तात्यासो म्हणाले.

"तुमी बोलू नका, पावणं. सुरेखाक्का!" त्यांनी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली.

"हाय की," सुरेखा म्हणाली आणि स्टुलावर वळली.

ओल्या केसांचं सगळं वळण पाण्याच्या भारानं उतरलं होतं. ते कपाळाला, गालांना सरळ चिकटले होते. धोंडुबाई बघत राहिल्या. त्यांनी पुढं होऊन सुरेखाची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं केलं, आणि मग तिथंच फरशीवर बसल्या.

"तूच हायस व्हय गं."

"मीच."

"मग मंडईत...?"

"तीबी मीच."

"म्हंजे मी जे बोललो ते..."

"ऐकलं."

धोंडुबाई रडायला लागल्या. दीड वर्षाचं राहिलेलं रडणं होतं, ते त्यांनी पदर तोंडाला लावून पुरतं रडून घेतलं. सुरेखानं अडवलं नाही. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि तात्यासो हात तसेच अधांतरी धरून उभे होते. कंडिशनर किती वेळ ठेवायचं ते कागदावर लिहिलं होतं, पण कागद खिशात होता, आणि खिशात हात घालता येत नव्हता.

रडणं आवरल्यावर धोंडुबाईंनी विचारलं, हे केस असे कशानं झाले?

"औषधानं. डॉक्टर म्हणत्यात, हुतं असं. पुढं सरळ येतील न्हाईतर असंच ऱ्हातील."

"तुला कसं पायजेल?"

तात्यासोंचे कान टवकारले. हाच प्रश्न त्यांना विचारायचा होता.

"रोज येगळं वाटतंय," सुरेखा म्हणाली.

संक्रांतीनंतर बदल व्हायला लागला. न्हाऊ घालताना तात्यासोंच्या बोटांना आधी कळलं. मुळापाशी केस गुळगुळीत आणि सरळ लागत होते, बोटाच्या एका पेराएवढे. खाली मात्र तीच वळणं. होळीपर्यंत दोन पेरं झाली. आता जवस लावलं की वरचे केस चप्प बसायचे, नाही लावलं की खालचे पिंजारायचे. तात्यासोंनी आदितीला फोन केला. ती म्हणाली, काकूंना घेऊन या.

या खेपेस तात्यासो रसाच्या दुकानापाशी थांबले नाहीत, सरळ पार्लरमध्ये गेले. सुरेखा आरशासमोर बसली. तिचा हात आता कानापर्यंत पोचत होता. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम ती न चुकता करायची. आदितीनं केसांतून बोटं फिरवली आणि सांगितलं, की मूळ सरळ निघतंय. पुढंही सरळच येईल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. खालचा कुरळा भाग सगळा कापला तर केस एकसारखे दिसतील, पण अगदी तोकडे होतील. ठेवला तर वर्षभर दोन तऱ्हा सांभाळाव्या लागतील.

"किती कापू, काकू?"

"सगळं," सुरेखा म्हणाली.

"नको," तात्यासो म्हणाले.

दोघंही एकदमच बोलले होते. सुरेखानं आरशातून त्यांच्याकडं बघितलं. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. हेच केस सरळ करून घ्यायला ते इथं आले होते, आणि आता ते जाणार म्हटल्यावर तोंडून 'नको' निघालं होतं.

"का नको?" तिनं विचारलं.

तात्यासोंनी खूप विचार केला. पार्लरमधल्या दोन पोरी आणि आदिती, सगळ्या त्यांच्या उत्तराची वाट बघत होत्या.

"न्हाय सांगता येत," ते शेवटी म्हणाले. "तुझं डोकं हाय. तुला वाटंल तसं."

सुरेखानं एक कुरळी बट धरून खाली ओढली आणि सोडून दिली. ती वर गेली. तिनं पुन्हा ओढली.

"बोटभर काप," ती आदितीला म्हणाली. "उरल्यालं पुढच्या महिन्यात बघू."

आदितीनं पाण्याची फवारणी केली आणि कात्री हातात घेतली. तात्यासो पडद्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. खाली पडणाऱ्या केसांकडं बघावं का नाही, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते कधी बघत होते, कधी नाही.