एक खोकला गोलचा

त्या दिवशी मला खरोखरचा खोकला झाला आणि तिथेच घात झाला.

एरवी आमचं ठरलेलं होतं. मी गोलच्या खांबाशी घडीची खुर्ची टाकून बसायची. बॉल जाळ्यात गेला की एकदा खोकायचं, बाहेर गेला की दोनदा. ह्यांचे डोळे वर्षभरात मधोमध विझले होते. कडेकडेचं धूसर तेवढं दिसायचं. पण कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं. तीस वर्षं एकेका मुलाला वेगळं घेऊन फुटबॉल शिकवलेला माणूस! "शिकवणं गेलं तर मी काय करू गं? भिंतीकडे बघत बसू? तीही दिसत नाही," असं म्हणून स्वतःच हसले. मला नाही हसू आलं. मी खोकायला लागले.

शिकवणं मात्र खोटं नव्हतं हो. बॉल पायाच्या आतल्या बाजूने मारला की अंगठ्याने, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. आणि मूल चुकून रडवेलं झालं की एकच शब्द, "पुढचा!" गेलेल्या बॉलकडे वळून बघायचं नाही, पुढचा घ्यायचा. घरी दूध उतू गेलं तरी हे आतून ओरडायचे, "पुढचा!" मी म्हणायची, "पुढचं दूध काय तुमचा काका आणून देणार आहे?"

एकेक करत मुलं गळाली. शेवटी एकटी डावरी राहिली. नऊ वर्षांची, डाव्या पायाने खेळणारी, म्हणून ते नाव. संघाची निवड चाचणी आठवड्यावर आली होती, म्हणून तिची आई त्या दिवशी सराव बघायला आली आणि नेमकी माझ्या शेजारी उभी राहिली.

मला ढास लागली. एक, दोन, चार, थांबेचना. हे मैदानाच्या मध्ये गोंधळून उभे. कशीबशी थांबले, तेवढ्यात डावरीने बॉल मारला. तो गोलवरून, कुंपणावरून थेट रस्त्यावर. आणि माझ्या नरड्यातून मेला एकच खोकला सुटला!

"शाब्बास!" हे ओरडले. "अस्साच कोपऱ्यात!"

"सर," तिची आई म्हणाली, "बॉल रस्त्यावर गेलाय."

ह्यांनी टोपी काढली. "मला दिसत नाही, मॅडम. बरेच महिने झाले."

"आणि मी माझी पोर तुमच्या हवाली केली? एखादा बॉल तोंडावर बसला असता म्हणजे?"

तिचं काय चुकलं? मीही असंच बोलले असते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, मला माहितीये," डावरी म्हणाली. "आजी एकदा खोकली की गोल. मला कधीचं माहितीये."

आईने तिचा हात धरला आणि चालू लागली. वळून बघायचं नाही, हे ह्यांनीच शिकवलेलं. तरी पोरगी फाटकापर्यंत वळून वळून बघत होती. ह्यांना ते दिसलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आज वाटतं, सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी हे बूट चढवून, शिट्टी गळ्यात घालून तयार.

"अहो, कोण येणार आहे?"

"कोणी नाही."

तरी गेलो. पावलं मोजत त्यांनी सरावाचे सगळे प्लास्टिकचे कोन मांडले, बॉल जागेवर ठेवला आणि बाजूला सरून उभे राहिले. रिकाम्या मैदानाकडे तोंड करून, वाट बघत. एवढा शिकवणारा माणूस, आणि शिकायला कोणी नाही!

मी खुर्चीवरून उठले. त्रेसष्ट वर्षांत बॉलला कधी पाय लावला नव्हता. चपला काढल्या आणि मारला. बॉल चार हात गेला आणि गवतात बसला.

मी एकदा खोकले.

ह्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"खोटारडी कुठली," ते म्हणाले. "असल्या आवाजाचा बॉल गोलपर्यंत पोचत नाही. अंगठ्याने मारलास. घोटा घट्ट धर."

मी डोळे पुसत, नाक ओढत तिथेच उभी होते.

"रडतेस काय?" ते म्हणाले. "पुढचा."

मी बॉल आणायला गेले.