मधला शब्द

धाकट्या दिराला घरात सगळे 'तंत्रज्ञ' म्हणत, आणि तो ते कौतुक म्हणून घेई. फोनवरचा की-बोर्ड म्हणजे बोटांखालची अक्षरांची चार ओळींची पाटी, एवढीशी गोष्ट. पण ती निवडायला त्यानं सात अॅपांचा तक्ता केला होता. वेग, रंग, स्टिकर, बोलून टाइप करणं, सगळ्याला दहापैकी गुण. पहिल्या आलेल्या अॅपमध्ये अक्षर दाबलं की ठिणग्या उडत. ठिणग्यांना त्यानं दहापैकी दहा दिले होते.

"आणि खासगीपणाचा रकाना कुठाय, भाऊजी?" सुनेनं विचारलं. तिच्या डाव्या हातावर चार महिन्यांची लेक झोपली होती, त्यामुळे ती सगळं कुजबुजूनच विचारत असे, टोमणासुद्धा.

"आहे की. सगळे सारखेच निघाले, म्हणून लपवलाय."

"मग याला इंटरनेट कशाला हवंय? आणि फोनमधले सगळे नंबर? उद्या पेन म्हणेल, आधी तुमच्या नातेवाइकांची यादी द्या, मग शाई सोडतो."

"वहिनी, आपण काय मोठे लागून गेलो? तुमचं लिखाण वाचायला कोणाला वेळ आहे?"

हे तिला झोंबलं, कारण ती खरंच लिहीत होती आणि कोणाला ठाऊक नव्हतं. लेक झोपली की पंधरा-वीस मिनिटं, फोनमधल्या वहीत, उजव्या अंगठ्यानं, लेकीलाच उद्देशून. रजा संपून चष्म्याच्या दुकानात परत काचा घासायला उभी राहिली की हेही सुटणार, हे ती जाणून होती.

तिच्या मनात तक्त्यातलं शेवटचं अॅप भरलं होतं. त्याला बाहेरच्या जगाशी काही घेणंदेणंच नव्हतं. परवानगी मागायचं नाही, कुठं काही पाठवायचं नाही. पण ते मुकं होतं. पुढचा शब्द सुचवत नसे, आणि सगळी अक्षरं एका बाजूला सरकवून एकाच अंगठ्यानं लिहायची सोय त्यात नव्हती. तंत्रज्ञ दिरानं त्याला दहापैकी दोन दिले होते, तेही दया येऊन. ठिणग्यांवाल्यात ती सोय होती. एक हात लेकीखाली अडकलेल्या बाईनं काय करावं? तिनं नाक मुरडलं आणि 'मान्य आहे' दाबलं.

मग तंत्रज्ञ दिरानं घरातले सगळे फोन आणि सासूबाईंचा टॅब एकाच खात्याला जोडून टाकले. "सगळ्यांचे शब्द सगळीकडे! याला म्हणतात सोय." लेकीनं नेमकी तेव्हाच दुधाची गुळणी टाकली, त्यामुळे या वाक्याकडे सुनेचं लक्षच गेलं नाही. सासूबाईंना मात्र त्यानं रीतसर शिकवणी दिली. "वर तीन शब्द येतात, आई. मधला दाबत जा. मधला नेहमी बरोबर असतो."

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. सासूबाई स्पीकर लावूनच बोलत.

"अक्का, साठ वर्षं पोटात ठेवलंस आणि आज ओकलीस होय?"

"अगं, काय ओकले?"

"वाच की! स्वतःच्या हातानं लिहिलंयस!"

टॅब उघडला. त्यावर लिहिलं होतं, 'तू नको होतीस.' चार बहिणींतली ही चौथी. हे वाक्य कोणीतरी कधीतरी म्हणेल, या धास्तीत तिचा जन्म गेला होता.

सासूबाईंना खरं तर विचारायचं होतं, तू परवा येतेस ना. 'तू' लिहिलं, मधला शब्द दाबला, पुन्हा मधला दाबला आणि चष्मा न लावता पाठवून दिलं.

सुनेनं ते वाक्य ओळखलं. शब्द तिचे होते. जड गेलेल्या दिवसांत तिनं पाच-सहा वेळा असंच सुरू केलं होतं. 'तू नको होतीस असं आज मला वाटलं, आणि तेवढ्यात तू जांभई दिलीस. एवढ्याशा तोंडाची केवढी ती जांभई! मी हसतच सुटले.' दुसऱ्या वेळी जांभईऐवजी उचकी होती, तिसऱ्या वेळी मुठीत धरलेला पदर. सुरुवात तीच, पुढचं दर वेळी नवं. आणि ठिणग्या उडवणाऱ्या त्या हुशार चुगलखोरानं पाठ काय केलं, तर तेवढे तीन शब्द! जांभई त्याच्या डोक्यात शिरली नाही. आता घरालाही तीनच शब्द कळणार होते, आणि तेवढ्यावरून ती कशी आई आहे हे ठरणार होतं.

"बिघाड नाही हा," तंत्रज्ञ खूश होऊन म्हणाला. "हे शिकलंय ते. आपल्यापैकीच कोणीतरी हे पुष्कळदा लिहिलंय. थांबा, कोणाच्या फोनवरून आलं तेही शोधतो."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती एका हातानं लेकीच्या दुपट्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"मी लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या.

"तू, आई? कोणाला?"

"तुला. पाठवायचं राहून गेलं. ठेव तो फोन खाली." मग त्या स्पीकरकडे वळल्या. "ऐक गं. तू नसतीस तर मी वेणी कोणाची ओढली असती? या मेल्या यंत्राला माणसांतलं काय कळतंय! परवा ये मुकाट्यानं."

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसू. "दोन-दोन दिवस डोकं दुखायचं माझं, अक्का."

"सूचना तशी व्याकरणाला धरून होती," तंत्रज्ञ पुटपुटला. "फार तर अर्धा गुण कापतो." आणि तो खरोखरच तक्ता उघडायला आतल्या खोलीत गेला.

सासूबाई सुनेशेजारी येऊन टेकल्या. बराच वेळ लेकीच्या पायाची बोटं मोजल्यासारखी चाचपत राहिल्या.

"थोरला झाला तेव्हा माझी आई होती हाताशी. हा झाला तेव्हा कोणी नव्हतं. रोज वाटायचं मला." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "अजूनही अधूनमधून वाटतं."

सुनेनं ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलंच, आणि हसता हसता डोळे भरले.

"पुढे काय लिहिलं होतंस?"

"पुढे?"

"तीन शब्दांवर कोणी थांबतं का? पुढे असणारच काहीतरी."

"जांभई," सून म्हणाली. "हिनं जांभई दिली."

"मग ते नको का लिहायला धड? काढ ते फुलबाजे. ते मुकं घाल, दोन गुणांचं. माझ्याही टॅबात घाल."

"त्याला दोन्ही हात लागतात, आई."

सासूबाईंनी हात पुढे केले. "दे तिला इकडे."

लेक एका हातातून दुसऱ्या हातात गेली, कुरकुरली, निजली. ठिणग्यांवालं अॅप जाता जाता विचारत होतं, का सोडून जाताय, कारण निवडा. तिनं काहीच निवडलं नाही. मग दोन्ही अंगठ्यांनी, एकेक अक्षर शोधत, ती लिहू लागली. 'तू' लिहिलं. वरची पट्टी कोरीच राहिली.