शामकलाबाईंची न पोतलेली भिंत

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. हसणाऱ्या माणसाचा मला लगेच संशय येतो. मी एक जुना कॅमेरा आहे आणि माणूस जसा आहे तसा माझ्यासमोर बसलेला मी क्वचितच पाहिला आहे.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवते ते गोंदियाच्या बाजारातले मुन्नालालचे फोटोचे दुकान. तिथे खुंटीवर एक काळा कोट टांगलेला असे. ज्याला फोटो काढायचा तो कोट घाली, केस ओले करी आणि श्वास रोखी. मी लग्नांतही फिरलो. "मशीन एकदम बढिया आहे," असे लोक म्हणत. मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. कोटाला कसर लागली आणि मी डब्यात पडलो. माझ्या भिंगावर बुरशीचा ठिपका आला.

मागच्या फाल्गुनात मुन्नालालच्या मुलीने, रेणूने, मला बाहेर काढले. विकायलाच काढले असेल, असे मला वाटले. पण तिने भिंग पुसले आणि मला गळ्यात अडकवून स्कूटीवरून जवळच्या मुर्री गावाला नेले. तिथली कवेलूच्या छपरांची मातीची घरे एकेक करून जात आहेत. रोज सकाळी एका घराचा फोटो काढायचा, आणि गावातल्या शामकलाबाईंच्या भिंतीशेजारचा पळस फुलल्यापासून झडेपर्यंत रोज टिपायचा, असे तिने ठरवले होते. हे तिने कुणाला सांगितले नाही. सांगितले तर लोक नटून उभे राहतात, हे तिने दुकानात पाहिले होते.

पहिल्या दिवशी शामकलाबाई घमेल्यात पांढरी छुई माती भिजवत होत्या. होळीआधी भिंतीच्या भेगा भरायच्या आणि छुईने भिंत पोतायची, म्हणजे सारवून पांढरी करायची, हा त्यांचा दरवर्षीचा नेम.

"काऊन वो पोरी, कायचे फोटो काढून राहिली?"

"असंच, काकी."

रेणू पळसाकडे वळली. शेजारचे बिसराम कुंपणावरून म्हणाले, "असंच कोनी रोज पेट्रोल जाळते का, वहिनी? सरकारी घरकुलाची पाहनी होय थे. भिंत चकाचक केली का यादीतून नाव कटलंच समजा."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनी सांगत नाई, म्हनूनच तर खरं आहे."

शामकलाबाईंनी हात धुतले. भिजवलेली छुई तशीच राहिली.

आयुष्यभर मी माणसांना चांगले दिसायला धडपडताना पाहिले होते. मुर्रीत ती वाईट दिसायला धडपडू लागली. बिसरामांनी नवे टिनपत्रे तणसाने, भाताच्या पेंढ्याने, झाकले. कुणी पोपडे मुद्दाम उकरले. लोकांना रेणूचा संशय आणि मला सगळ्यांचा.

पळस लाल होत गेला. त्याच्या शेजारच्या भिंतीतली भेग आधी काडीएवढी होती, मग बोट जाईल एवढी झाली. रोजच्या फोटोत ती होती. पण रेणूला पळसच दिसत होता.

चैत्रात एका दुपारी गारांचा पाऊस कोसळला. दुसऱ्या सकाळी आम्ही गेलो, तेव्हा पळसाकडची भिंत ढासळून मातीचा ढीग झाला होता. शामकलाबाई परसात होत्या म्हणून वाचल्या.

"हे पन काढ," त्या म्हणाल्या. "आता तरी लागन का माझं नाव?"

"कशात, काकी?"

"घरकुलात. त्याच्यासाठीच तं भेग उघडी ठेवली."

बिसराम कुंपणापाशी उगाच काटक्या वेचू लागले. रेणूचा चेहरा उतरला. "मी सरकारची नाही, काकी. ही घरं जातील म्हणून फोटो काढत होते. मला तुमची पोतलेली भिंतच हवी होती."

"मंग हे पहिल्या दिवशी सांगाले तुझं तोंड दुखत होतं का?"

रेणूने मला पळसाच्या फांदीला अडकवले, सलवार वर खोचली आणि ढीग उपसायला चिखलात पाय घातले. काही वेळाने बिसरामही फावडे घेऊन आले. शामकलाबाईंनी मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिले. "आधी याले झाक. अजून पाहूनच राहिला."

त्या दिवसाचा फोटो निघाला नाही.

मित्रांनो, माझे भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसत जा. मला दमट डब्यात कोंडू नका. आणि कुणाच्या घराकडे मला रोखण्याआधी त्याच्या दारात उभे राहून सांगा, कशासाठी ते. लोक नटले तर नटू द्या. नटलेल्या भिंतीत निदान पाणी तरी शिरत नाही.

नवी भिंत अजून कमरेएवढीच आहे. घमेल्यात वाळून तडकलेल्या छुईवर शामकलाबाईंनी काल पुन्हा पाणी ओतले.